न्यायसहायक विज्ञानाच्या इतिहासातील 'जनक' : एका रूढ मांडणीची चिकित्सा

प्रस्तावना

मराठीत ज्या ज्ञानशाखेला 'न्यायसहायक विज्ञान' हे नाव मिळाले आहे, तिची मर्यादा त्या नावातच सांगितलेली आहे. हे विज्ञान न्याय करीत नाही, न्यायाला साहाय्य करते. 'न्यायवैद्यकशास्त्र' हा शब्द त्याहून जुना आणि अर्थाने मर्यादित आहे. मृत्यू, जखमा, विष यांचा वैद्यकाच्या अंगाने विचार करणारी ती शाखा होय. अंगुलिमुद्रा, हस्ताक्षर, गोळीबाराच्या खुणा, रक्तगट, डी.एन.ए. या सर्वांना सामावून घेणारी संज्ञा म्हणून 'न्यायसहायक' हा शब्द शासकीय व्यवहारात रूढ झाला. नाव इतके विनम्र असताना या विज्ञानाचा इतिहास मात्र आपण 'जनकां'च्या मालिकेतून सांगत आलो आहोत. विषशास्त्राचे जनक ऑर्फिला, गुन्हेगारांच्या देहमापनाचे जनक बर्टिलाँ, अंगुलिमुद्राशास्त्राचे जनक गाल्टन किंवा हेन्री, डी.एन.ए. तंत्राचे जनक जेफ्रीज, भारतातील डी.एन.ए. तंत्राचे जनक लालजी सिंग अशी यादी स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत, सामान्यज्ञानाच्या पुस्तिकांत आणि पदवीस्तरावरील टिपणांतही आढळते.

प्रस्तुत लेखात या यादीतील नावे चूक की बरोबर एवढाच प्रश्न विचारलेला नाही. इतिहास सांगण्याची ही पद्धतच या विज्ञानाच्या स्वतःच्या शिस्तीला धरून आहे काय, हा येथील मुख्य प्रश्न आहे. गुन्ह्याच्या जागेवरील वस्तू न्यायालयापर्यंत पोहोचेपर्यंत ती कोणाला सापडली, पंचनामा कोणी केला, लाखेची मोहोर कोणी लावली, मुद्देमाल कोणाच्या ताब्यात होता, प्रयोगशाळेत तो कोणी उघडला आणि अहवालावर सही कोणाची आहे, या सर्वांचा हिशेब द्यावा लागतो. साखळीतील एक कडी निसटली तरी पुरावा संशयास्पद ठरतो. जे शास्त्र वस्तूच्या बाबतीत एवढी काटेकोर साखळी मागते, ते स्वतःच्या इतिहासाच्या बाबतीत केवळ शेवटची सही पाहून समाधान मानते. हीच विसंगती या लेखात तपासावयाची आहे. त्यासाठी कलकत्ता, मुंबई-बडोदा, पुणे आणि आपला कोल्हापूर परिसर येथील काही प्रसंगांचा आधार घेतला आहे.

सही करणारे आणि काम करणारे

अंगुलिमुद्रांचा इतिहास 'जनक' या कल्पनेची मर्यादा सर्वांत स्पष्टपणे दाखवतो. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या सनदी अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा करारनाम्यावर घेतला. उद्देश गुन्हेगार पकडण्याचा नव्हता; कंत्राटदाराने पुढे करार नाकारू नये, एवढाच होता. आपल्याकडील जुन्या खतांवर व अर्जांवर दिसणारी 'निशाणी डावा अंगठा' ही नोंद त्याच व्यवहाराच्या कुळातील आहे. तोकियोतील रुग्णालयात काम करणारे स्कॉटिश डॉक्टर हेन्री फॉल्ड्स यांनी ऑक्टोबर १८८० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात पत्र लिहून गुन्ह्याच्या जागेवरील ठशांवरून गुन्हेगार ओळखता येईल, असे सुचविले. पुढच्याच महिन्यात हर्शेल यांनी त्याच नियतकालिकात आपला जुना अनुभव मांडला. फ्रान्सिस गाल्टन यांचा ग्रंथ १८९२ मध्ये आला. त्याच वर्षी अर्जेंटिनात हुआन वुसेतिच यांच्या पद्धतीने एका खुनाचा उलगडा झाला. परंतु दारावरचा रक्ताळलेला ठसा शोधून तो लाकडाचा भाग कापून आणणारा आल्वारेझ नावाचा पोलीस निरीक्षक मात्र इतिहासाच्या तळटीपेत राहिला. अशा स्थितीत 'जनक' कोण, याचे उत्तर आपण कोणत्या कामाला 'जन्म' मानतो यावर अवलंबून राहते. ठसा घेण्याची कल्पना, तो आयुष्यभर बदलत नाही हे दाखविणे, गुन्हेतपासातील त्याचा उपयोग सुचविणे आणि लक्षावधी ठशांतून नेमका एक शोधता येईल अशी वर्गवारी रचणे, ही चार वेगवेगळी कामे आहेत.

यांपैकी चौथे काम व्यवहाराच्या दृष्टीने निर्णायक ठरले आणि ते कलकत्त्यात झाले. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन भारतीय कर्मचारी होते. हक हे गणिताचे विद्यार्थी होते. दहा बोटांच्या पाच जोड्या पाडावयाच्या; ज्या बोटावर चक्राकृती असेल त्या बोटाला जोडीच्या क्रमानुसार १६, ८, ४, २ किंवा १ असे मूल्य द्यावयाचे; प्रत्येक जोडीतील एकेका बोटाची मूल्ये स्वतंत्र मिळवून दोन्ही बेरजांत एक मिळवावयाचा; येणाऱ्या अपूर्णांकावरून ३२ उभ्या व ३२ आडव्या, म्हणजे १०२४ कप्प्यांच्या कपाटात त्या नोंदपत्रिकेची जागा ठरवावयाची, असे या वर्गवारीचे स्वरूप आहे. या गणिती रचनेचे श्रेय प्रामुख्याने हक यांना, तर ठशांचे वर्णन तारेने कळविण्यासाठी केलेल्या संकेतपद्धतीचे श्रेय बोस यांना दिले जाते. १८९७ मध्ये कलकत्त्यात अंगुलिमुद्रा विभाग सुरू झाला, १९०० मध्ये हेन्री यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि १९०१ मध्ये लंडनच्या स्कॉटलंड यार्डने ही पद्धत स्वीकारली. पद्धतीला नाव मिळाले ते हेन्री यांचे.

दोघा सहकाऱ्यांना कालांतराने अनुक्रमे 'खानबहादूर' व 'रायबहादूर' हे किताब आणि प्रत्येकी ५००० रुपयांचे मानधन मिळाले. १९२६ मध्ये हेन्री यांनीही आपल्या कर्मचाऱ्यांपैकी हक यांचा वाटा सर्वाधिक होता, असे लेखी मान्य केले. परंतु किताब व्यक्तीच्या नावापुढे लागला, पद्धतीला लागला नाही. चंदक सेनगुप्ता यांचा २००३ मधील 'इम्प्रिंट ऑफ द राज' हा ग्रंथ आणि गुरविंदरसिंग सोधी व जसजीत कौर यांचा २००५ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेला लेख यांमुळे हा विषय अभ्यासकांपुढे नव्याने आला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. हेन्री यांचे नाव पुसून त्या जागी 'खरे जनक' म्हणून हक यांचे नाव लिहिणे हा प्रतिकार भावनेला पटणारा असला, तरी पद्धती म्हणून तो पूर्वीच्याच चुकीची पुनरावृत्ती आहे. हेन्री यांनी गाल्टन यांच्याशी केलेला विचारविनिमय, शासनाकडून विभागाला मिळविलेली मान्यता आणि पद्धतीचा प्रसार ही कामेही खरीच आहेत. प्रश्न एका नावाच्या जागी दुसरे नाव घालण्याचा नसून साखळीतील प्रत्येक कडीपुढे तिचे नाव लिहिण्याचा आहे. हीच गोष्ट प्राचीनतेच्या दाव्यालाही लागू पडते. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात आकस्मिक मृत्यू झालेल्याच्या देहाची तपासणी कशी करावी याचे विवेचन आहे, आणि ते महत्त्वाचेच आहे. परंतु त्यापासून आजच्या प्रयोगशाळेपर्यंतच्या मधल्या कड्या दाखविल्याशिवाय त्याला 'जनकत्व' देणे म्हणजे पंचनाम्याविना मुद्देमाल न्यायालयात ठेवण्यासारखे आहे.

मुंबईची प्रयोगशाळा आणि बडोद्याचे विषप्रयोग प्रकरण

मुंबई इलाख्याचा इतिहास या यादीत जवळजवळ आढळत नाही. ब्रिटिश अमलात शासकीय रासायनिक परीक्षणाच्या प्रयोगशाळा मद्रास (१८४९), कलकत्ता (१८५३), आग्रा (१८६४) आणि मुंबई (१८७०) या क्रमाने निघाल्या. मुंबईतील अधिकाऱ्याचे पदनाम 'रासायनिक विश्लेषक' असे होते. आजही आपल्याकडील पोलीस ठाण्यांत आणि न्यायालयांत 'सी.ए. रिपोर्ट' हा शब्द सर्रास ऐकू येतो, तो या पदनामाचाच अवशेष आहे. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करणारे व रासायनिक विश्लेषक पद सांभाळणारे डॉ. आय. बी. लायन यांनी भारतासाठी लिहिलेले न्यायवैद्यकशास्त्राचे पाठ्यपुस्तक १८८९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे जे. पी. मोदी यांच्या १९२० मधील ग्रंथाने ती जागा घेतली आणि भारतीय न्यायालयांच्या निकालपत्रांत 'मोदी' हा एक आधारग्रंथ बनला.

मुंबईची प्रयोगशाळा सुरू होऊन चार वर्षे होतात न होतात तोच तिच्यापुढे मराठी इतिहासातील एक गाजलेले प्रकरण आले. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी बडोद्याचे ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांनी सकाळचे सरबत थोडेसे घेतले, त्यांना अस्वस्थ वाटले आणि उरलेले त्यांनी ओतून दिले. पेल्याच्या तळाशी राहिलेला साका रेसिडेन्सीच्या डॉक्टरांनी तपासला व मुंबईस पाठविला. मुंबईचे प्रभारी रासायनिक विश्लेषक डॉ. ग्रे यांना त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड आढळली. संशय महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर होता. सहा सदस्यांचा चौकशी आयोग नेमण्यात आला. त्यात तीन इंग्रज होते. ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव हे तीन भारतीय होते. १८७५ मध्ये आयोगापुढे सुनावणी झाली आणि मत दुभंगले. तिन्ही इंग्रज सदस्यांना आरोप सिद्ध वाटला. तिन्ही भारतीय सदस्यांना तो सिद्ध झाला असे वाटले नाही. अखेर एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करण्यात आले. परंतु शासनाच्या जाहीरनाम्यात त्यासाठी कारण दिले गेले ते गैरकारभाराचे. त्यानंतरच सयाजीराव महाराजांचे दत्तविधान झाले.

या प्रकरणाचे वाचन बहुधा राजकीय अंगाने केले जाते आणि ते योग्यही आहे. परंतु न्यायसहायक विज्ञानाच्या इतिहासातही त्याचे स्थान मोठे आहे. प्रयोगशाळेने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले होते: पेल्यात काय होते? आयोगापुढील प्रश्न वेगळा होता: ते कोणाच्या सांगण्यावरून टाकले गेले? पहिल्या उत्तराने दुसरा प्रश्न सुटला नाही. त्यासाठी नोकरांच्या जबान्यांवर विसंबावे लागले आणि त्या जबान्यांच्या विश्वासार्हतेवर सहा सदस्य दोन गटांत विभागले. रसायनशास्त्राने दिलेले निश्चित उत्तर आणि न्यायाला हवे असलेले उत्तर यांतील अंतर मराठी संस्थानाच्या संदर्भात इतक्या लवकर प्रकट झाले होते. 'जनकां'च्या इतिहासात या अंतराला जागाच नसते; कारण तेथे प्रत्येक शोध हा विजय म्हणूनच नोंदविला जातो.

पुण्याचे दोन खटले

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्रातील दोन विषप्रयोग खटल्यांनी हेच अंतर कायद्याच्या भाषेत मांडले. पहिला 'अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य' हा होय. आरोपी पुण्यातील डॉक्टर होता. त्याच्यावर विश्वास टाकणारी एक सधन, मधुमेही विधवा नोव्हेंबर १९५६ मध्ये त्याच्याबरोबर पुण्याहून रात्रीच्या गाडीने मुंबईस निघाली, मुंबईत पोहोचली ती बेशुद्धावस्थेत, आणि रुग्णालयात मृत्यू पावली. तिची नोंद खोट्या नावाने करण्यात आली होती. शवविच्छेदन अनेक दिवसांनी झाले. रासायनिक विश्लेषकाला व्हिसेऱ्यात कोणतेही विष आढळले नाही. तरीही तिच्या मृत्यूनंतर आरोपीने केलेली मालमत्तेची विल्हेवाट, ती जिवंत असल्याचा आभास निर्माण करणारी बनावट पत्रे आणि मृत्यूसमयीचे त्याचे वर्तन यांवरून त्याला दोषी ठरविण्यात आले. १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हा निर्णय कायम केला. विष सापडले नाही म्हणून विषप्रयोग झाला नाही असे होत नाही, परिस्थितिजन्य पुरावा पुरेसा भक्कम असेल तर दोषसिद्धी होऊ शकते, असे न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाचे सार आहे. न्या. सरकार यांनी मात्र भिन्न मत नोंदविले. मृत्यू नैसर्गिक नव्हता हेच निःसंशय सिद्ध झालेले नाही, असा त्यांचा रोख होता.

दुसरा खटला 'शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा होय. १९८२ मध्ये पुण्यात एका नवविवाहितेचा मृत्यू झाला. तपासणीत पोटॅशियम सायनाइड आढळले; म्हणजे प्रयोगशाळेचे उत्तर या वेळी निःसंदिग्ध होते. खालच्या न्यायालयांनी पतीला दोषी ठरविले. परंतु १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. परिस्थितिजन्य पुराव्याच्या मूल्यमापनाची पाच तत्त्वे या निकालात मांडली गेली आणि ती 'पंचशील' या नावाने आजही देशभरातील न्यायालयांत उद्धृत होतात. विषप्रयोगाच्या खटल्यात हेतू, विषाने झालेला मृत्यू, आरोपीजवळ विष असणे आणि ते देण्याची संधी या चार बाबी तपासाव्या लागतात, हेही तेथे सांगितले गेले.

हे दोन निकाल एकत्र वाचले म्हणजे एक विलक्षण चित्र दिसते. एका खटल्यात विष सापडले नाही, तरी दोषसिद्धी झाली. दुसऱ्यात विष सापडले, तरी दोषमुक्ती झाली. यावरून प्रयोगशाळेचा अहवाल निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. अहवाल ही साखळीतील एक कडी आहे, संपूर्ण साखळी नव्हे, एवढाच त्याचा अर्थ आहे. अंगुलिमुद्रांच्या बाबतीत भारतातील पहिल्याच गाजलेल्या खटल्याने हे दाखविले होते. जलपाईगुडी येथील चहाच्या मळ्यातील एका व्यवस्थापकाच्या खुनानंतर त्याच्या सामानातील बंगाली पंचांगावर ठसा मिळाला आणि तो त्याच्या जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. १८९८ मध्ये न्यायालयाने त्या नोकराला चोरीबद्दल दोषी धरले. खुनाबद्दल मात्र दोषी धरले नाही. ठशाने हात लागल्याचे सिद्ध झाले. खून कोणी केला हे सिद्ध झाले नाही. हा विवेक त्या वेळच्या न्यायालयाने दाखविला होता. 'जनक'केंद्री इतिहासात मात्र हा खटला केवळ 'अंगुलिमुद्रेचा पहिला विजय' म्हणून नोंदविला जातो आणि त्यातील निम्मा निकाल गाळला जातो.

माग काढणारे आणि ठसे देणारे

आतापर्यंतच्या विवेचनात शोध लावणारे, वर्गवारी करणारे आणि न्याय देणारे आले. साखळीची आणखी दोन टोके राहतात. पहिले टोक म्हणजे वैज्ञानिक प्रयोगशाळेपूर्वी खुणांवरून गुन्हेगार शोधणारे लोक. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी पेशव्यांकडून जिंकलेल्या प्रदेशाविषयी १८१९ मध्ये लिहिलेल्या अहवालात गावच्या रखवालदाराच्या कामाचे वर्णन आहे. चोरी झाल्यावर त्याने चोराच्या पावलांचा माग काढावयाचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन दिला की जबाबदारी त्या गावाकडे जाई. ज्या गावात माग थांबे त्या गावाला चोर शोधावा किंवा नुकसान भरून द्यावे लागे. यात निरीक्षण होते, नोंद नसली तरी साक्षीदार होते आणि शिवेवर होणारे हस्तांतरही होते. मुद्देमालाच्या ताब्याची साखळी म्हणून आज जे शिकविले जाते त्याचे हे एक ग्रामीण रूप होते. ही कामे प्रामुख्याने रामोशी, बेरड, महार, मांग अशा जातींकडे असत. 'माग काढणे' हा वाक्प्रचार मराठीत टिकला. तो ज्यांच्या कौशल्यातून आला त्यांची नावे टिकली नाहीत.

दुसरे टोक अधिक वेदनादायक आहे. ज्यांच्या समाजांनी माग काढण्याचे काम केले, त्यांतील काहींनाच पुढे 'गुन्हेगार जमाती' ठरविण्यात आले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सुरू झालेली ही व्यवस्था १९११ च्या कायद्याने मुंबई इलाख्यासह सर्वत्र विस्तारली. नोंद झालेल्या जमातीच्या सदस्याच्या बोटांचे ठसे केव्हाही घेण्याचा अधिकार १९११ च्या कायद्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना दिला. म्हणजे ज्या तंत्राचा आरंभ जंगीपूरच्या कंत्राटावर एका व्यक्तीला बांधून ठेवण्यासाठी झाला, ते तंत्र अर्ध्या शतकात संपूर्ण समाजाला जन्मतः संशयित म्हणून बांधून ठेवण्याचे साधन झाले. कपाटातील १०२४ कप्पे रिकामे नव्हते. त्यांत माणसे होती. त्यांच्याविना ही पद्धत सिद्धच झाली नसती. तरीही 'अंगुलिमुद्राशास्त्राचा विकास' या मथळ्याखाली त्यांचा उल्लेख होत नाही.

गडहिंग्लज परिसराच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. हा प्रदेश कोल्हापूर संस्थानात होता. १९१८ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी महार, मांग, रामोशी व बेरड या जातींवरील पोलीस हजेरीची सक्ती आपल्या संस्थानात बंद केली. शेजारच्या ब्रिटिश मुलखात १९११ चा कायदा अमलात असतानाच्या काळातील हा निर्णय आहे. सामाजिक सुधारणेच्या इतिहासात त्याची नोंद आहे. परंतु न्यायसहायक विज्ञानाच्या इतिहासातही तो महत्त्वाचा मानला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. कारण संशय हा व्यक्तीच्या कृत्यावर आधारलेला असावा, तिच्या जातीवर नव्हे, हे तत्त्व मानल्याशिवाय कोणताही वैज्ञानिक पुरावा न्याय्य होऊ शकत नाही. ते तत्त्व प्रशासनात आणणारा राज्यकर्ता या शास्त्राच्या अग्रदूतांत का गणला जाऊ नये?

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. परंतु कायदा जाऊनही संशय कसा उरतो, याचा पुरावा मराठी आत्मकथनांनी दिला आहे. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' आणि आपल्या सीमाभागातील भीमराव गस्ती यांचे 'बेरड' ही या दृष्टीने केवळ साहित्यकृती नाहीत. पोलिसी तपासाची दुसरी बाजू, म्हणजे ज्याच्याकडे बोट दाखविले जाते त्याची बाजू, त्यांत नोंदलेली आहे. मराठी समीक्षेने या पुस्तकांकडे वेदना व विद्रोह या अंगांनी पुष्कळ पाहिले. तपासाच्या इतिहासाचे दस्तऐवज म्हणूनही त्यांचे वाचन व्हावयास हवे. विज्ञान, विधी आणि मराठी या विभागांतील अध्यापकांना एकत्र काम करण्यास येथे मोठा वाव आहे.

आजचा संदर्भ

हा प्रश्न केवळ श्रेयवाटपाचा असता तर त्याला फारसे महत्त्व द्यावे लागले नसते. तो आज अधिक निकडीचा झाला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नुसार सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळास भेट देऊन पुरावा गोळा करण्याची तरतूद झाली आहे. राज्यांना ती अमलात आणण्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. त्यापूर्वी २०२२ मध्ये फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियमाने १९२० च्या कैदी ओळख कायद्याची जागा घेतली; ठशांबरोबरच बुबुळ व दृष्टिपटलाच्या प्रतिमा आणि जैविक नमुने यांचाही त्यात समावेश झाला आणि या नोंदी ७५ वर्षे जतन करण्याची तरतूद झाली. १९५८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या राज्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेच्या शाखा आज कोल्हापूरसह अनेक शहरांत आहेत. या विस्ताराचे स्वागतच केले पाहिजे. परंतु अहवालाखालील सहीला अंतिम शब्द मानण्याची सवय समाजाला लागली, तर ती आरोपीच्या आणि फिर्यादीच्याही हिताची नाही. २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वे बॉम्बस्फोटांच्या तपासात अमेरिकेच्या एफ.बी.आय. या नामवंत संस्थेने एका निरपराध अमेरिकी वकिलाचा ठसा जुळल्याचे सांगितले. स्पॅनिश पोलिसांनी तो दुसऱ्याच व्यक्तीचा असल्याचे दाखवून दिल्यावर त्या संस्थेला माफी मागावी लागली. ठसे चुकले नव्हते. ठसे वाचणारी माणसे चुकली होती.

विद्यार्थ्याला आपण 'अमुक शास्त्राचा जनक कोण' असा एका ओळीचा प्रश्न विचारतो, तेव्हा नकळत त्याला असे शिकवितो की ज्ञान एका मोठ्या माणसाकडून येते आणि त्यापुढे शंका संभवत नाही. उद्या तोच विद्यार्थी पोलीस अधिकारी, वकील, पत्रकार किंवा पंच म्हणून अहवालाकडे त्याच नजरेने पाहील. इतिहास शिकविण्याची पद्धत आणि पुरावा वाचण्याची पद्धत यांचा असा जवळचा संबंध आहे.

निष्कर्ष

१. न्यायसहायक विज्ञानाच्या इतिहासात 'जनक' ही संज्ञा दिशाभूल करणारी आहे. कल्पना, सिद्धता, वर्गवारी, उपयोजन व न्यायालयीन मान्यता ही भिन्न माणसांनी केलेली भिन्न कामे आहेत.

२. हेन्री यांच्या जागी हक किंवा बोस, पाश्चात्त्यांच्या जागी कौटिल्य, अशा अदलाबदलीने हा दोष दूर होत नाही. श्रेयाचीही साखळी सिद्ध करावी लागते.

३. बडोदा (१८७४-७५), जलपाईगुडी (१८९८), लागू (१९५९) आणि सारडा (१९८४) या प्रकरणांतून प्रयोगशाळेचे उत्तर व न्यायालयाचा प्रश्न यांतील अंतर स्पष्ट होते. या अंतराचे भान देणारे न्यायाधीशही या शास्त्राच्या घडणीत सहभागी आहेत.

४. माग काढणारे रखवालदार आणि ज्यांचे ठसे सक्तीने घेतले गेले ते समाज यांना वगळून लिहिलेला इतिहास अपुरा आहे. शाहू महाराजांचा १९१८ चा निर्णय आणि मराठी आत्मकथने यांचा समावेश या विषयाच्या अध्यापनात व्हावा.

५. पदवीस्तरावर 'जनक कोण' या प्रश्नाऐवजी 'हा पुरावा कोणाकोणाच्या हातून गेला' हा प्रश्न विचारला जावा. या विज्ञानाच्या मराठी नावातील 'सहायक' हा शब्द त्यामुळेच सार्थ ठरेल.